बेल पोचाक नाय

माझ्या दुकानात उंच माणूस शिरला की सगळ्यात आधी त्याच्या कपाळावर एक घंटी आपटते. मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान आहे. जाळी, गऱ्या, शिसं, बुचं आणि मासे धरायच्या दोऱ्या, असा माल. त्यात ही घंटी कशाला, असं लोक कपाळ चोळत विचारतात. मी खुर्ची पुढे करतो. ज्याला घाई असते तो दोरी घेऊन जातो. ज्याला नसते तो बाबलकाकांची गोष्ट ऐकतो आणि दोरी घ्यायची विसरून जातो. या घंटीने माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं पावसाळ्यानेही केलेलं नाही, आणि ती मी तिथून हलवणार नाही.

बाबलकाका लाल गाडीचे कंडक्टर होते. ते निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हाताला कुणी दिलीच नाही. तो हात कायम डोक्याच्या वर, काहीतरी ओढायच्या तयारीत असायचा. एक टोला म्हणजे थांबा आणि दोन टोले म्हणजे निघा. सिंगल आणि डबल. त्यांचं सगळं जग या दोन शब्दांत मावत असे. देवळात शिरताना ते घंटा एकदाच वाजवत आणि दर्शन घेऊन निघताना दोनदा. जेवून उठताना हवेतल्या हवेत दोन हिसके देत. कुणाच्या घरी सांत्वनाला गेले तरी निघताना हात वर जायचाच, आणि तो अर्ध्यात धरून खाली आणायचं काम काकीचं असे.

हात नुसता सवयीचा नव्हता, उतावळाही होता. माणसाने पायरीवर एक पाय ठेवला न ठेवला की यांची डबल. बाजाराला जाणाऱ्या बायका इतर गाड्यांत आधी टोपली चढवत आणि मग स्वतः. काकांच्या गाडीत आधी स्वतः, कारण टोपली राहिली तर चालते. एकदा एका म्हातारीचा चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, भारा उतरवून द्यायला काका स्वतःच खाली उतरले. भारा ठेवला, दारातून हात आत घालून सवयीने डबल दिली, आणि गाडी निघाली. ती कणकवलीला पोचली तेव्हा आत सगळे प्रवासी होते, फक्त कंडक्टर नव्हता. काका मागून दुधाच्या टेम्पोतून आले. साहेबांनी जाब विचारला तेव्हा ताठ उभे राहून म्हणाले, "बेल मी स्वतः दिली होती. गाडी नियमानुसारच मार्गस्थ झाली."

या 'मार्गस्थ'कडे लक्ष ठेवा. काका आमच्यासारखेच मालवणी बोलत. पण बढाई मारायची असली, काही झाकायचं असलं, किंवा सरळसरळ थाप ठोकायची असली की ते शुद्ध मराठीत शिरत. गळा साफ करायचे, मान वर व्हायची, आणि 'आसा'चं 'आहे' झालं की ओळखणाऱ्याने ओळखावं. काकी तर म्हणायची, "ह्यांनी 'परंतु' म्हटल्यानी काय मी घरातली भांडी मोजतंय."

काकी म्हणजे सुलूकाकी. माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावर. लग्नात तिच्या वडिलांनी तिला एक पात दिली होती. पात म्हणजे आमच्याकडची लहान, अरुंद होडी. ही पात त्यांनी स्वतःच्या हाताने तासलेली होती, आणि नवरी सासरी आली ती तीच पात वल्हवत. नवरदेव मुंडावळ्या सांभाळत मागच्या टोकाला बसले होते. बसण्याची ही व्यवस्था पुढे जन्मभर बदलली नाही.

हिवाळ्यात खाडीचं पाणी निवळतं आणि पुलाच्या खांबांच्या आडोशाला चोणक येऊन दबा धरतो. रुपेरी अंगाचा, जाड मानेचा, मोठ्या तोंडाचा हा मासा. चवीला राजा आणि स्वभावाने घरमालक. त्याला धरायची काका-काकींची रीत अशी: सुकतीचं पाणी समुद्राकडे धावायला लागलं की पातीचं नाक प्रवाहाच्या उलट धरायचं. काकीने इतपतच वल्हवायचं की पात पुढेही जाऊ नये आणि वाहूनही जाऊ नये, तसूतसूने मागे सरकत राहावी. मागे दोरीच्या टोकाला लाकडाचा खोटा मासा. त्याच्या तोंडाशी एक लहानशी जीभ असते. पाणी तिच्यावर आदळलं की तो बुडी मारतो आणि कमरेतून डुलू लागतो. असा डुलत डुलत तो उलट्या पावली चोणकाच्या घरात शिरतो. चोणकाला भूक लागो न लागो, राग येतोच.

म्हणजे सगळी करामत वल्ह्याची. काका काकीकडे पाठ करून मागच्या टोकाला दोरी धरून बसत, फळीवर टकटक करून सिंगल-डबल देत, आणि याला ते मासे पकडणं म्हणत. पुढच्या टोकाला मी. माझ्याकडे काहीही काम नव्हतं. माझं वजन भरपूर होतं, आणि काकांच्या बाजूने पात खाली जाऊ नये म्हणून समोर तेवढाच भार लागे. "नारळांची गोण रोज कोण उचलतलो?" काका लोकांना समजावत. "त्यापेक्षा विजू बरो. आपणहून चलत येता."

आता मोहन. काकीचा धाकटा भाऊ. दोडामार्गला त्याची काजूची आणि रबराची बाग, आणि हल्ली बागेत पर्यटकांसाठी खोल्या. दर हिवाळ्यात तो गोव्यातून घेतलेली चकचकीत रीळकाठी घेऊन यायचा, बहिणीच्या पातीत बसून सरळ चोणक काढायचा आणि काकांना विचारायचा, "भावोजी, तुमच्या गाडीक कोण पॅसेंजर कसो मिळत नाय?" काका मनावर घेत नसत. त्यांच्या हाताला चोणक कधीच लागला नव्हता, आणि ज्या गोष्टीची सवय झाली तिचं माणूस वाईट वाटून घेत नाही.

पण त्या वर्षी भाऊबीजेला मोहनने जेवता जेवता वेगळीच गोष्ट काढली. त्याला पात हवी होती. मासे मारायला नव्हे. खोल्यांच्या दारात ती उभी करायची, तिच्यात माती भरायची आणि झेंडू लावायचा, म्हणजे पर्यटक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतील. काकांचा घास थांबला. पात काय कुंडी आहे, असं ते म्हणाले. मोहन हसला. ज्या पातीतून घरच्या धन्याला मासाच निघत नाही ती कुंडीच, म्हणाला. गावच्या जत्रेच्या दिवसापर्यंत तुमच्या हाताने याच पातीतून एक चोणक काढून दाखवा, नाहीतर पात माझी.

काका पाटावरून उठले. गळा साफ केला.

"मान्य आहे," ते म्हणाले. "परंतु नंतर तक्रार चालणार नाही."

आत काकी बांगडे तळत होती. तिच्या हातातला कालथा तिथेच राहिला. पात तिची, तिच्या वडिलांनी तासलेली, आणि ती पैजेवर लावताना तिला कुणी विचारलंही नव्हतं. भाऊबीजेची ओवाळणी घालायला आलेला भाऊ ओवाळणी मागून निघाला होता. बाहेर इतके पाहुणे बसलेले, शब्द गेलेला. सोलकढीत त्या दिवशी एवढं मीठ पडलं की मोहनने पहिल्या घोटाला वाटी खाली ठेवली. काका शेवटपर्यंत प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाची फळी काढतोय तोवर काका दारात. आजवर जी हाताला लागेल ती दोरी चालत असे. आता मात्र दोष दोरीचाच होता, हे त्यांचं रात्रीतून ठरलं होतं, आणि दोरी निवडायला ते नवरदेव निवडायला यावं तसे आले होते.

माझ्याकडे दोन जातींची दोरी होती. एक तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध, काचेसारखी आरपार. ओढली की लांबते, सोडली की परत येते. दुसरी बारीक धाग्यांची वेणी घातलेली ब्रेडेड. ती केसाएवढी बारीक असून मरेपर्यंत तसूभर ताणत नाही. काका तिला ब्रेड म्हणू लागले आणि थोड्याच दिवसांत गल्लीही म्हणू लागली. काकी समोरच्या मासेवालीला सांगायची, घरात पाव नाही आणि हे रोज ब्रेड घेऊन येतात.

तर निवड कशी करायची? काकांनी पिशवीतून ही घंटी काढली. कणकवलीला भंगारात गेलेल्या एका गाडीची. ती माझ्या तुळईला टांगली, तिला तंगसाचं टोक बांधलं आणि दोरी सोडत सोडत गल्लीच्या वळणावर शिंप्याच्या दारात जाऊन उभे राहिले. सगळी गल्ली बाहेर आली. काकांनी हात वर करून डबल दिली. घंटी गप्प. मी हाताने खूण केली, नाही. त्यांनी आणखी ओढली, दोन पावलं मागे गेले, शिंप्याच्या मशीनवर बसले, आणि मग केव्हातरी घंटी मरगळल्यासारखी एकदा वाजली.

"बघलास?" काका तिकडून ओरडले. "तंगसाची बेल ड्रायव्हराक पोचासर फुडलो स्टॉप येता!"

मग ब्रेडची पाळी. काकांचं बोट हललं आणि घंटी खणकन वाजली. पुन्हा हललं, पुन्हा वाजली. ते गल्लीतून परत आले ते वरातीतून आल्यासारखे. चोणकाने खोट्या माशाकडे नुसतं बघितलं तरी मला कळेल, म्हणाले, आणि मला मान्य करावं लागलं की यात काहीच खोटं नव्हतं.

राहिला रंगाचा प्रश्न. ब्रेड हिरवी असते आणि पाण्यात दिसते. काकांनी खाडीचं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून आणलं, त्यात निरनिराळ्या दोऱ्यांचे तुकडे सोडले आणि बरणी गल्ल्यावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले, दिसते का. मासेवालीने टोपली खाली ठेवून बरणीला डोळा लावला. सगळ्या दिसतात म्हणाली. काका हिरमुसले. "पण तुमी माका कित्याक इचारतास?" ती टोपली उचलत म्हणाली. "मी काय चोणक?"

शेवटी तोड निघाली. सगळी दोरी ब्रेडची, फक्त खोट्या माशाच्या पुढे दोन वांव तंगूस, म्हणजे तोंडाजवळची दोरी माशाला दिसायची नाही. दोन्ही हात फैलावले की एक वांव. गाठी मात्र काकी मारायची. काकांची गाठ म्हणजे नुसती इच्छा. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः बांधलेला खोटा मासा प्रवासाला गेला तो परत आला नाही. शिवाय जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि एक चष्मा खाडीच्या तळाशी गेल्यापासून दुसरा पातीत आणायची त्यांना बंदी होती.

आणि चोणक यायला लागले! हे खरं आश्चर्य. काकी पात अशी धरायची की खोटा मासा पुलाच्या खांबामागे अगदी चोणकाच्या उशाशी जाऊन डुलायचा. टक्. काकांच्या बोटाला लगेच कळायचं. त्यांना सगळंच लगेच कळायचं, तीच तर पंचाईत होती. टक् झालं की हात वर, जसा आयुष्यभर गेला तसा. "सिंगल!" काकी वल्हं थांबवायची. चोणकाने तोंड उघडलेलं असायचं, मिटलेलं नसायचं, आणि खोटा मासा त्याच्या जिभेवरून उडून आमच्या डोक्यावर यायचा. एकदा तो माझ्या टोपीत अडकला आणि काकांनी 'लागलो, लागलो' म्हणत टोपी पाण्यात ओढून नेली.

मग दोरी जाड झाली. मग बारीक. मग पिवळी, मग पुन्हा हिरवी. दोष कधी माझ्या दुकानाचा, कधी पुलाचा, एकदा तर चंद्राचा. जत्रा जवळ येत चालली. मोहनने झेंडूची रोपं केल्याचं फोनवरून कळवलं. काकी पात किनाऱ्याला ओढून घेताना हल्ली तिच्या कडेवरून हात फिरवत उभी राहायची, आणि मी दुसरीकडे बघायचो.

जत्रेच्या दोन दिवस आधी काकी दुकानात आली. पिशवीतून कोथिंबीर बाहेर डोकावत होती, म्हणजे बाजाराला आल्याचा पुरावा बरोबर होता.

"विजू, तंगूस दी. मऊसो. वडलो काय रबरासारखो जाणारो."

मी म्हटलं, काका तर ब्रेडशिवाय दुसऱ्या दोरीला हात लावायला तयार नाहीत.

"ब्रेड ऱ्हवांदे तेंच्या हातात. माका फुडलो तुकडो बदलूचो आसा. दोन वांवाच्या जागी चांगलो लांबलचक."

मी निरनिराळी बंडलं काढली. काकीने प्रत्येकातली थोडी दोरी खालच्या ओठावरून फिरवून बघितली, कुठे खरखर लागते का. जी आवडली तिचं टोक या घंटीला बांधलं, दाराबाहेर गेली आणि ओढलं. घंटी गप्प. काकी आणखी दोन पावलं चालली. मग घंटीने अगदी झोपेतून उठल्यासारखा एक आवाज केला. गल्लीने ज्या दोरीला हसून बाद केलं होतं तीच काकीने पसंत केली.

"हो बरो," ती म्हणाली. "उशिरा पोचता."

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिने समजावलं. चोणक आधी तोंड उघडतो, मग आत ओढतो, मग वळतो. तो वळला की गरी आपोआप बसते, आपण फक्त वल्हवत राहायचं. "तेका वाईच वेळ दिवक होयो. ह्यांनी उभ्या जल्मात कोणाक चढाक वेळ दिल्यानी काय?"

काकांच्या लक्षात आलं तर, असं मी विचारलं.

"चष्म्याशिवाय तेंका माझा तोंड दिसणा नाय," काकी तंगूस कोथिंबिरीखाली सारत म्हणाली. "तंगूस खंयसून दिसतलो?"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जत्रेच्या आदल्या सकाळी, आम्ही खाडीत उतरलो. मोहन आलेला होता. तो फोन घेऊन पुलावर उभा राहिला आणि वरून ओरडला, "भावोजी, पात नीट धुवन ठेवा हां. माती भरूची आसा." काकांनी मान वर केली नाही. काकीने दोरी स्वतः पाण्यात सोडली, तुमच्याकडे चष्मा नाही असं सांगून, आणि पाण्याच्या वर राहिलेलं हिरव्या ब्रेडचं टोक काकांच्या हातात दिलं. मग वल्ह्यांवर बसली. मी माझं काम सुरू केलं, म्हणजे बसलो.

सुकतीला जोर होता. पात जागच्या जागी थरथरत मागे सरकू लागली. काका बोटांवर दोरी तोलत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. आज काहीतरी मऊ मऊ लागतंय, म्हणाले. काकी म्हणाली, पाणी मऊ आहे.

पुलाच्या मधल्या खांबाशी आलो आणि काकांचा हात वर गेला.

"सिंगल!"

हिसका इतका जोराचा की ते पाठीवर पडले, डोकं काकीच्या पायांशी. नेहमी या क्षणी खोटा मासा हवेत असे. आज हवेत काहीच नव्हतं. तो सगळा हिसका तंगसाने गिळला होता. तिकडे चोणकाला कुणी हाक मारल्याचा पत्ताही नव्हता. आणि काकी थांबली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा त्या पातीत सिंगल दिलेली असताना वल्हं चालू होतं.

"सिंगल म्हणतंय मी! थांबय!" काका खालून ओरडले.

"बेल पोचाक नाय," काकी म्हणाली, आणि तिने वल्ह्याचे आणखी दोन लांब फटकारे मारले.

तेवढ्यात दोरी सरळ झाली. मागे पाणी फुटलं आणि चोणक अख्खा बाहेर आला, डोकं हलवत, नाही नाही म्हणत. काका उठून बसले होते आणि दोन्ही हातांनी दोरी धरून 'डबल, डबल' ओरडत होते; कुणाला, ते त्यांनाही माहीत नसावं. चोणक खांबाकडे पळाला तेव्हा काकीने अख्खी पात उलट ओढून त्याला मोकळ्या पाण्यात आणलं. तो जवळ आला तेव्हा मी पहिल्यांदाच कामाला आलो: वाकलो, त्याच्या गालफडात हात घातला आणि पात माझ्या बाजूने अशी कलली की पुलावरून मोहनचीच किंकाळी आली. मासा आत पडला. माझ्या दोन्ही पावलांवर आडवा, आणि तरी शेपटी उरली.

या गोंधळात काकीने वाकून दातांनी दोरी तोडली आणि तंगसाचं वेटोळं करून कनवटीला खोचलं. काका तेव्हा पाठमोरे बसून पंच्याने तोंड पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

जत्रेत त्या वर्षी दशावतार जेवढा रंगला नाही तेवढे काका रंगले. देवळाच्या आवारात, खाज्याच्या दुकानासमोर, ओळखीचा दिसो न दिसो, त्याला थांबवून सांगत होते. "ब्रेडेडला पर्याय नाही. परंतु हिसका त्वरित हवा. माशाने विचार करण्यापूर्वी आपण निर्णय घ्यायचा." काकी शेजारी उभी राहून गंभीरपणे मान हलवत होती. मोहनने कान धरून पातीला नमस्कार केला आणि झेंडू दारात जमिनीतच लावला. जाताना तो माझ्याकडून एक अख्खं बंडल ब्रेड घेऊन गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याला एकही चोणक लागला नाही. वैतागून त्याने काकांना फोन केला. काकांनी दुकानात माझ्यासमोर तो घेतला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गळा साफ केला आणि सल्ला दिला, "आपला हिसका मंद आहे. अधिक जलद द्यावा."

त्यानंतर दर हिवाळ्यात हेच चाललं. काकी कोथिंबिरीखालून तंगूस न्यायची आणि घरी तांदळाच्या डब्यात लपवायची. काका माझ्याकडून ब्रेड न्यायचे आणि लोकांना भाषणं द्यायचे. दोघं मिळून हिवाळ्यात एखादा-दुसरा चोणक काढत, आणि प्रत्येक वेळी काकीला बेल ऐकू येत नसे. मी दोघांनाही दोरी विकत होतो. दुकानदाराला याहून सुखाचं आयुष्य नाही.

काका गेले त्याआधी मी त्यांना शेवटचं बघितलं ते काकीचा गुडघा धरला त्या वर्षी. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही. काका आले आणि सरळ खुर्चीवर बसले. हात वर नाही, भाषण नाही.

"विजू," ते हळूच म्हणाले, "तो मऊ तंगूस दी. ती नेता तो."

मी भाबडेपणाने विचारलं, कुठला तंगूस?

"मेल्या, माका शिकवू नको. डब्यात हात घालून बघलंय. वाईचसो उरलो आसा. तिका ह्या पायान हयसर येवक जमाचा नाय. मी गुपचूप घालून ठेवतंय. तिका वाटाक होया, आदीचोच आसा."

कधीपासून ठाऊक आहे, असं मी विचारलं.

"पयल्या दिसापासून." काका घंटीकडे बघत होते. "उभो जलम बेल वडली मी. बेल उशिरा पोचता ती माका कळाची नाय?"

"मग बोलाक कित्याक नाय?"

"पात तिची. मी पैजेर लावलंय, तिना सोडवल्यान. माझ्या वांट्याक बोलणा तेवढा रवला. ता तरी नीट करूक नको?"

इतकी वर्षं 'त्वरित' आणि 'पर्याय' माझ्या कानावर आदळत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. ब्रेडची सगळी कथा हा माणूस चोणक लागला त्या दिवसापासून शुद्ध मराठीत सांगत होता.

मी तंगूस मोजून कापला. तेवढ्यात पर्यटकांचं एक जोडपं दारात आलं, त्यातला उंच माणूस घंटीवर आपटला, आणि काका ताडकन उभे राहिले. "नमस्कार. दोरी घेत असाल तर ब्रेडेडच घ्या," म्हणाले, आणि मी ब्रेड काढायला वळलो तोवर त्यांनी तंगसाचं एक टोक घंटीला बांधलंही होतं. "वाईच बघतंय," मला डोळा घालून म्हणाले आणि उरलेलं वेटोळं हातातून सोडत गल्लीत उतरले.

वळणावर, शिंप्याच्या दाराशी, ते थांबले. हात डोक्याच्या वर गेला. दोन हिसके. घंटी हलली नाही. वाजते की नाही ते बघायला काका थांबले नाहीत. दोरी तशीच हातात ओढत ते वळणाआड गेले. दुकानात आम्ही तिघे मान वर करून उभे होतो. तंगूस ताणत गेला, ताणत गेला, मग घंटी एकदा वाजली, पुन्हा एकदा वाजली, आणि गाठ सुटली. गाठ काकांची होती. दोरीचं मोकळं टोक उंबरठ्यावरून उतरलं, गल्लीच्या धुळीतून वळवळत पळत गेलं आणि त्यांच्या मागोमाग वळणाआड दिसेनासं झालं.

डबल पोचली होती. गाडी कधीच निघून गेली होती.